मान्सून आणि चक्रीवादळे : ऋतूंच्या बदलत्या हिशेबाविषयी

१

अरबी समुद्रात अलीकडच्या काळात झालेल्या मोठ्या चक्रीवादळांची यादी महिन्यांच्या क्रमाने लिहून काढली, तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. 'तौक्ते' मे २०२१ मधले. 'निसर्ग' ३ जून २०२० चे. 'वायू' जून २०१९ चे आणि 'बिपरजॉय' जून २०२३ चे. पुढे 'क्यार' ऑक्टोबर २०१९ चे, 'फयान' नोव्हेंबर २००९ चे, 'ओखी' २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले. मधले जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने या यादीत जवळजवळ कोरे आहेत. ज्या दोन महिन्यांत गगनबावड्याला सूर्य दिसत नाही, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पंचगंगा पात्र सोडते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत समुद्रावर चक्रीवादळ क्वचितच तयार होते. हे असे का?

भूगोलाच्या वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी विचारतो. उत्तर बहुधा येत नाही. त्याला मुले जबाबदार नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत मान्सून एका प्रकरणात असतो आणि चक्रीवादळ दुसऱ्या प्रकरणात. परीक्षेत दोन्हींवर वेगवेगळे प्रश्न येतात. ही दोन प्रकरणे कधी एकमेकांना भेटत नाहीत. पण समुद्रावर ती भेटतात, आणि त्या भेटीतच आजच्या एका मोठ्या प्रश्नाचे मूळ आहे : अरबी समुद्रातील चक्रीवादळे का वाढत आहेत, आणि त्याचा मान्सूनशी काय संबंध आहे?

कोल्हापूर समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे. तेव्हा वादळाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध किती जवळचा आहे ते २०१९ सालाने दाखवले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, चिखली आणि आंबेवाडी पाण्यात गेली. पूर ओसरला, चिखल काढून झाला, आणि ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' आणि त्यामागोमाग 'महा' ही वादळे अरबी समुद्रात उभी राहिली. वाचलेले सोयाबीन आणि कापणीला आलेले भात त्या पावसात भिजले. पहिले संकट मान्सूनचे होते, दुसरे चक्रीवादळाचे. ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला हा भेद सांगून उपयोग नाही, हे मला कबूल आहे. पण ज्याला उद्याची तयारी करायची आहे त्याला हा भेद कळलाच पाहिजे.

२

प्रथम चक्रीवादळ म्हणजे काय ते पाहू. समुद्रावर हवेचा दाब कमी झाला की चोहोबाजूंनी वारे आत धावतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सरळ न जाता वळतात आणि गरगरू लागतात. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या आत असला तर हवामान खाते त्याला कमी दाबाचे क्षेत्र म्हणते. त्याच्या वर गेला की डिप्रेशन, पन्नासच्या वर गेला की तीव्र डिप्रेशन, आणि ताशी ६२ किलोमीटर झाला की ते चक्रीवादळ. मगच त्याला नाव मिळते.

अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९६८ साली जगभरच्या नोंदी तपासून या घडणीच्या अटी मांडल्या. समुद्राचे पाणी सुमारे २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक गरम हवे, आणि ती ऊब वरवरची न राहता काही खोलीपर्यंत हवी. हवेच्या मधल्या थरांत भरपूर बाष्प हवे. गरम हवा सहज वर चढत जाईल अशी हवेची अवस्था हवी. वाऱ्यांना आधीपासून थोडी गरगर हवी. जागा विषुववृत्तापासून थोडी दूर हवी, कारण तेथे पृथ्वीच्या फिरण्याचा वळसा मिळत नाही. आणि शेवटची अट : समुद्राजवळचा वारा आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्यात फार फरक नको.

आपल्या विषयाची किल्ली या शेवटच्या अटीत आहे. चक्रीवादळ हा एक उभा मनोरा असतो. खालून बाष्प आत येते, वर चढते, थंड होऊन त्याचे ढग बनतात. ढग बनताना जी उष्णता सुटते ती मनोऱ्याच्या मध्यात साठते आणि खालचा दाब आणखी कमी करते. हे चक्र चालायचे तर मनोरा ताठ उभा राहिला पाहिजे. कडब्याची गंजी रचणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. खालचे थर एका बाजूला ओढले आणि वरचे थर दुसऱ्या बाजूला ढकलले तर गंजी कितीही चांगली रचली तरी उभी राहणार नाही. वाऱ्याचेही तसेच. खालचा आणि वरचा वारा एकमेकांच्या विरुद्ध जोराने वाहत असले तर साठलेली उष्णता एका जागी राहत नाही, ती वरच्या वर वाहून जाते. मनोरा कलतो आणि मोडतो. या फरकाला मी येथे वाऱ्यांची ओढाताण म्हणेन.

आता मान्सूनकडे या. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या डोक्यावरून दोन बलाढ्य वारे वाहतात. एक खालचा. तो आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत सोमालियाजवळून उसळतो, अरबी समुद्र ओलांडतो आणि पश्चिमेकडून येऊन सह्याद्रीवर आदळतो. समुद्रसपाटीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. आपला पाऊस आणतो तो हाच. दुसरा वरचा. तो चौदा-सोळा किलोमीटर उंचीवरून नेमका उलट, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. उन्हाळ्यात तिबेटचे पठार आणि आशियाचा भूभाग तापल्यामुळे तो निर्माण होतो. हा वरचा झोत भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली जगासमोर मांडला.

खालचा वारा पूर्वेकडे, वरचा पश्चिमेकडे. ओढाताण यापेक्षा मोठी काय असणार? शिवाय मान्सूनचे वारे समुद्र घुसळून काढतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातले थंड पाणी वर येते, आणि मेमध्ये तीस अंशांपर्यंत तापलेला अरबी समुद्र जुलैपर्यंत निवतो. बाष्प मुबलक, पाऊस मुबलक, पण मनोरा उभा राहत नाही. जुलै-ऑगस्टचे कोरे पान असे भरून निघते. मान्सूनच चक्रीवादळाला अडवून धरतो.

३

मग या दोन महिन्यांत समुद्र स्वस्थ बसतो काय? नाही. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक तयार होतात. त्यांतली काही डिप्रेशनपर्यंत वाढतात. त्यापुढे बहुधा जात नाहीत, कारण वर ओढाताण असते आणि किनारा जवळ असतो. दोन-तीन दिवसांत ती ओडिशाच्या किनाऱ्यावरून जमिनीवर चढतात आणि मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकतात.

ही डिप्रेशने आपल्यापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर असतात. तरी त्यांचा हात कोल्हापूरपर्यंत पोचतो. त्यांच्या दक्षिणेकडचे वारे अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्याला आपल्याकडे आणखी जोराने ओढतात. तो वारा घाटमाथ्यावर चढतो आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या उगमाशी कोसळतो. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात नेमके हेच झाले. उपसागरात एक तीव्र डिप्रेशन तयार होऊन ते ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले, आणि आधीच फुगलेल्या पंचगंगेच्या पाणलोटात पाऊस थांबेना.

म्हणजे एकच शक्ती दोन रूपांनी वावरते. ओढाताण जास्त असली तर ती पावसाळी डिप्रेशन होऊन अनेक राज्यांवर पाऊस पसरते. ओढाताण कमी असली तर तीच चक्रीवादळ होऊन एका किनाऱ्यावर तुटून पडते. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात काय होणार, हे ठरवण्यात मान्सूनचा मोठा वाटा आहे.

चक्रीवादळाला मोकळीक मिळते ती मान्सूनच्या दोन्ही कडांवर. मेमध्ये समुद्र वर्षातला सर्वांत गरम असतो आणि वरचा झोत अजून उभा राहिलेला नसतो. मान्सूनचा खालचा प्रवाह अरबी समुद्रात नुकताच शिरत असतो. त्याच्या उत्तर कडेला वाऱ्यांना आयती गरगर मिळते. या थोड्या दिवसांच्या फटीत 'निसर्ग', 'वायू', 'बिपरजॉय' यांच्यासारखी वादळे जन्मतात. दुसरी फट ऑक्टोबर-नोव्हेंबरची. मान्सून परतत असतो, ओढाताण सैल पडते, आणि समुद्र पुन्हा तापतो. आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो ती समुद्रालाही लागते.

हा संबंध एकतर्फी नाही. वादळही मान्सूनला छळते. २०२३ च्या जूनमध्ये 'बिपरजॉय' दहा दिवसांहून अधिक काळ अरबी समुद्रात रेंगाळले आणि बाष्प स्वतःकडे ओढत राहिले. मान्सून ८ जूनला केरळात पोचला खरा, पण मुंबईला यायला २५ जून उजाडला. पेरणीसाठी खोळंबलेल्या शेतमजुराचा तो महिना बिनमजुरीचा गेला. एका वादळाची ही किंमत कोणत्याही नुकसानीच्या आकड्यात धरली गेलेली नाही.

४

आता दीर्घकालीन बदलाकडे वळू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे, रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन कालखंड त्यांनी ताडून पाहिले. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रातील वादळांचे एकूण आयुष्य ८० टक्क्यांनी वाढले. चार दशकांपूर्वीच्या मानाने अरबी समुद्राचे तापमान अलीकडे १.२ ते १.४ अंशांनी अधिक आहे, असेही या संशोधकांनी नोंदले.

आकडे वाचताना सावध राहिले पाहिजे. अरबी समुद्रात वर्षाला सरासरी एखादेच चक्रीवादळ होते. लहान संख्येतली थोडी वाढही टक्क्यांत मोठी दिसते. २०१९ साली तेथे पाच चक्रीवादळे झाली. पण तितकीच १९०२ सालीही झाल्याची नोंद आहे. त्यातून उपग्रहाचा डोळा आपल्याला १९६० नंतर मिळाला. त्याआधी जहाजाच्या वाटेत आलेले वादळ तेवढे नोंदले जाई. म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. तरीही समुद्र तापला आहे याविषयी शंका नाही, आणि तापलेल्या समुद्रावर वादळ झपाट्याने बळावते हेही आता वारंवार दिसून आले आहे.

पण तापमान हे अर्धेच उत्तर आहे. समुद्र जुलैतही पुरेसा गरम असू शकतो. वादळ अडते ते ओढाताणीमुळे. मग ही ओढाताण कमी होत आहे काय? गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मान्सूनचा वरचा पूर्वेकडचा झोत मंदावत गेल्याचे अनेक अभ्यासांनी दाखवले. याच काळात मध्य भारतावरचा पाऊसही उतरणीला लागला होता. हिंदी महासागर जमिनीपेक्षा अधिक वेगाने तापला, जमीन आणि समुद्र यांच्यातील तापमानाचा फरक घटला, आणि ज्या फरकावर मान्सून जगतो तोच कमी झाला, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. मान्सूनची मूठ सैल झाली तर वादळाला वाव मिळतो, हे यातून ओघानेच येते. मात्र ही घसरण सरळ रेषेत चालू राहिली नाही. २००२ नंतर पाऊस पुन्हा सावरल्याचे काही संशोधकांनी दाखवून दिले. उपसागरातील पावसाळी डिप्रेशने खरोखर घटली की नोंदींच्या पद्धतीमुळे तसे भासते, यावरही वाद आहे.

ऋतूंच्या कडाही सरकत आहेत. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून मान्सून परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०१९ साली तर परतीचा प्रवास ९ ऑक्टोबरला सुरू झाला, आणि पंधरवड्यानंतर 'क्यार' उभे राहिले. दुसऱ्या टोकाला, २०२५ साली मान्सून २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्याच सुमारास कोकण किनाऱ्यालगत एक डिप्रेशन तयार झाले आणि वादळ होण्याआधीच रत्नागिरीच्या बाजूने जमिनीवर चढले. समुद्रावर त्याला आणखी दोन-चार दिवस मिळाले असते तर काय झाले असते, याचा विचार किनाऱ्यावरच्या माणसाने केला पाहिजे.

ऑगस्टचे कोरे पानही आता अगदी कोरे नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी गुजरातवर रेंगाळलेले तीव्र डिप्रेशन कच्छमार्गे अरबी समुद्राकडे सरकले आणि त्याचे 'असना' हे चक्रीवादळ झाले. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रावर चक्रीवादळ होण्याची गोष्ट १९७६ नंतर प्रथमच घडली. एका 'असना'वरून नियम बदलला असे म्हणता येणार नाही. पण मान्सूनचा पहारा अभेद्य नाही, एवढे त्याने दाखवले.

५

या विषयातला सर्वांत बोधप्रद वाद मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्यात विज्ञानाबरोबर न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे.

२०११ साली अमाटो इव्हान, व्ही. रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की पावसाळ्याआधीच्या अरबी समुद्रातील वादळांचे बळ वाढले आहे, आणि त्याचे कारण दक्षिण आशियावर पसरणारा काजळी व गंधकयुक्त कणांचा तपकिरी ढग आहे. हा ढग ऊन अडवतो. त्याने हिंदी महासागराचा उत्तर भाग तापण्याला आळा बसतो, उत्तर आणि दक्षिण भागांतील तापमानाचा फरक कमी होतो, त्यामुळे वारे मंदावतात आणि ओढाताण घटते. पावसात हे कण धुऊन जातात. म्हणून हा ढग नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत दाट असतो.

पुढच्याच वर्षी बिन वांग आणि इतरांनी याला आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे : वारे मंदावले म्हणून नव्हे, तर वादळे कॅलेंडरवर सुमारे पंधरा दिवस आधी येऊ लागली म्हणून ओढाताण कमी दिसते. मान्सूनचे आगमन लवकर होऊ लागले, त्याबरोबर वादळाची वेळही मागे सरकली. आणि मेच्या मध्यात ओढाताण जूनपेक्षा नेहमीच कमी असते. म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य आहे की वादळे बळावली आणि त्यांना कमी ओढाताण लाभली. वाद आहे तो कारणाचा. एक म्हणतो धूर, दुसरा म्हणतो ऋतूची सरकती तारीख.

हा वाद मी तटस्थपणे वाचू शकत नाही. तपकिरी ढगातील काजळी कोठून येते याचा शोध घेणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी हवेचे नमुने मालदीवमध्ये आणि आपल्या पुण्याजवळच्या सिंहगडावर घेतले होते. कार्बनच्या तपासणीवरून असे निघाले की काजळीचा अर्धा ते दोन-तृतीयांश भाग लाकूड, शेणी, पालापाचोळा यांच्या ज्वलनातून येतो. माझ्या आईने आयुष्यभर तुराट्या आणि शेणी जाळून भाकरी भाजली. माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडे टाकीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी जेव्हा हे निबंध वाचायला बसलो, तेव्हा त्यात माझ्या घरचा धूर मला भेटला.

तो धूर खरा आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. सर्वांत आधी तो माझ्या आईच्या छातीत गेला. पण हिशेब करायचा तर पुरता केला पाहिजे. काजळीचा कण हवेत आठवडाभर टिकतो, पावसाने खाली बसतो. कोळसा आणि तेल जाळून निघालेला कार्बन डायॉक्साइड शतकानुशतके राहतो, आणि समुद्र तापतो तो प्रामुख्याने त्याच्यामुळे. ढगातले गंधकाचे कण चुलीतून येत नाहीत. ते मुख्यतः कोळशाच्या वीजकेंद्रांतून आणि तेलाच्या ज्वलनातून येतात. आणि वांग यांचे म्हणणे ग्राह्य धरले तर धुराचा या प्रकरणातला वाटा आणखी कमी होतो. तेव्हा "गरिबांच्या चुलींनी वादळे वाढवली" असे कोणी सोपे वाक्य सभेत फेकले, तर त्याला विज्ञानाचा आधार नाही, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. ते सांगायचे तर ओढाताण म्हणजे काय, वरचा झोत कोणता, काजळी किती दिवस टिकते, हे सगळे माहीत हवे. जुन्या काळी रोगाच्या साथीचा दोष वस्तीवर टाकला जाई, आणि वस्तीकडे उत्तर द्यायला शब्द नसत. आज शब्द मिळवण्याची सोय आहे. ती आपण वापरली पाहिजे.

६

ऋतूची कड सरकली की संकटाचा पत्ताही बदलतो. जुलै-ऑगस्टचा पूर नदीकाठच्या सखल वस्तीला गाठतो. गावात उंचावरची जागा कोणाची आणि ओढ्याकाठची कोणाची, हे नव्याने सांगायला नको. मे-जूनचे वादळ मच्छीमाराला, कोकणातल्या कौलारू घराला आणि वीटभट्टीवरच्या मजुराला गाठते. थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटा एका रात्रीत पुन्हा माती होतात. 'तौक्ते'च्या वेळी मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह सापडला आणि सत्तरहून अधिक कामगार बुडाले. वादळाची पूर्वसूचना तेव्हा दिलेली होती, हे विसरता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वादळ सुगीला आणि गळीत हंगामाच्या तोंडाला गाठते. बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबे त्या वेळी आपल्या शिवारात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांत उतरलेली असतात. पिकाचा पंचनामा होतो तो सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याचा. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही, भिजलेल्या कोपीचा तर नाहीच.

म्हणून पुढच्या काही मागण्या या विज्ञानातूनच निघतात. आपत्तीचे नियोजन जून ते सप्टेंबर या चौकटीत बांधून चालणार नाही. ते मेच्या आरंभापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत हवे. साखर कारखान्याच्या तळावर वादळाचा इशारा पोचवण्याची आणि कोप्या हलवण्याची जबाबदारी कोणावर, हे हंगामाआधी लिहून ठेवले पाहिजे. बुडालेल्या मजुरीची नोंद नुकसानीत झाली पाहिजे.

पाण्याकडे असे पाहण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण मनात आणले ते पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओडिशाच्या नद्यांविषयीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. ज्या पावसाळी डिप्रेशनांची हकिकत वर सांगितली, त्यांच्या वाटेवरच तो प्रदेश आहे. पूर म्हणजे नुसते अरिष्ट, पाणी लवकरात लवकर समुद्रात घालवावे, हा तोवरच्या समित्यांचा दृष्टिकोन त्यांनी तेथे नाकारला. पाणी ही संपत्ती आहे, ते साठवून सिंचन, वीज आणि वाहतूक यांसाठी वापरले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी मांडली. निसर्गाचा कोप म्हणून हात जोडण्याऐवजी त्याची कारणे शोधून माणसाने काय करायचे ते ठरवणे, ही ती दृष्टी. तिला आज समुद्राच्या तापमानाची आणि उंचावरच्या वाऱ्याचीही जोड द्यावी लागेल.

मान्सून पुढे कसा बदलेल हे ठरवण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ काम करीत आहेत. तापत्या जगात तीव्र वादळांचे प्रमाण वाढेल याकडे त्यांच्यातील बहुतेकांचा कल आहे. एकूण संख्या वाढेलच असे ते म्हणत नाहीत. अरबी समुद्राबाबत दिसणारे चित्र अधिक काळजीचे आहे. त्या संशोधनात आपली मुले असली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. पुण्याची संस्था कोल्हापूरपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. पूर मोजणाऱ्या फुटपट्टीवर कोणता आकडा आला की घर सोडायचे, हे आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. तो आकडा का आला, हे सांगणारी माणसेही त्याच वस्तीतून आली पाहिजेत.